मागचे डिस्क ब्रेक घरी बदलले: शहाणपण की आगाऊपणा?

रामबागचा_भाडेकरू
गाडी २०१२ ची सेडान, चारही चाकांना डिस्क. दोन महिने मागून डावीकडून खर्रर्र यायचं आणि मी काचा वर करून गाणी लावायचो. गेल्या रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर अंगणात चाक काढलं. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक, म्हणजे वरवर डोकावणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं. आतल्या पॅडचा मसाला मात्र पार संपून नुसता पत्रा उरला होता आणि तो डिस्कवर घासून बोटाच्या नखाला अडकतील अशा चऱ्या पडल्या होत्या. कारण सापडलं: कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली खालची गंजून जाम. कॅलिपर सरकेना, म्हणून आतला पॅड एकटाच झिजत गेला. आठ महिन्यांपूर्वी एका गॅरेजात पॅड बदलले होते, तेव्हा त्या पिनांना कुणी हातही लावला नसणार.

दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड आणून घरीच बदलले. घरचे आणि शेजारचे काका एका सुरात म्हणतात, ब्रेकशी खेळ करायचा नसतो. माझ्या मते खेळ गॅरेजवाल्याने केला होता. बोला.

भेरूघाट_नेहमीचा
आगाऊपणा. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी आठवड्यातून दोनदा इंदूरहून खंडवा रोडने जातो. सिमरोल सोडलं की पुढे भेरूघाट, समोर लोडिंग ट्रक, मागे बस. तिथे तुमचा पॅडल खाली बसला तर भोगणार पुढची गाडी. म्युझिक सिस्टिम घरी बसवा, सीटकव्हर घरी शिवा. ब्रेक नाही.

पानापक्कड
घाटवाले, पॅडल खाली बसतो तो बहुतेकदा ऑइलमुळे, पॅडमुळे नव्हे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ हा ऑइलचा नेहमीचा प्रकार, ताजं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत येते. घाटात सारखा पाय ब्रेकवर असला की ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही दाबला जात. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आता मूळ धागेवाल्याला विचारतो: ऑइल बदललंस का? आणि डिस्क मोजल्यास का, की नुसत्या बघून फेकल्यास?

रामबागचा_भाडेकरू
मोजल्या. पहिल्यांदा व्हर्निअर सरळ लावला तर ९.६ मि.मी. आलं आणि मी खूश. मग लक्षात आलं की कडेला न झिजलेली जी किनार उरते, तिचीच जाडी मोजतोय. दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली, तेव्हा ७.४. डिस्कवर किमान ८ कोरलेलं आहे, नवी १० ची असते. म्हणजे लेथवर घासून घ्यायचाही प्रश्न नव्हता.

ऑइल नाही बदललं. तिथे तुमचं बरोबर.

आणि एक कबुली, नाहीतर घाटवाले पुढे विचारतीलच. पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन परत आत ढकलायला सियागंजातून आणलेला सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावला आणि दहा मिनिटं कसत बसलो. हलेना. घाम आला, क्लॅम्प वाकायला लागला. मग ट्यूब पेटली: हॅन्डब्रेकची केबल याच कॅलिपरला येते, आतमध्ये आट्यांची यंत्रणा आहे. मागचा पिस्टन दाबत दाबत फिरवायचा असतो, स्क्रूसारखा. टूल आणलं, दोन मिनिटांत गेला. तेवढ्यात पुढे बोनेटखाली टाकीतून ऑइल वर आलं, कारण मधे कुणीतरी टॉप-अप करून ठेवलं होतं. रंग खातं म्हणून लगेच पाणी ओतलं.

भेरूघाट_नेहमीचा
घ्या! दहा मिनिटं उलट्या पद्धतीने कसत होता, हे स्वतःच लिहितोय. त्या आट्यांना काही झालं नसेल कशावरून? मेकॅनिकने हे शंभरदा केलेलं असतं.

बापाचं_गॅरेज_होतं
मेकॅनिकची बाजू मांडतो, कारण आमचं छावणीत वीस वर्षं गॅरेज होतं. पॅड बदलायचे पैसे मिळतात, पिन काढून घासून ग्रीस लावायचे कुणी देत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं, ‘भिया, अर्ध्या तासात होईल ना?’ म्हणत. मग पिनांकडे कोण बघणार? बाबा बघायचे, म्हणून संध्याकाळी गल्ल्यात शेजाऱ्यापेक्षा कमी असायचं. पण घरी करणारेही मी पाहिलेत. पिनांना चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस फासतात, रबर फुगतं, वर्षभरात पिना पुन्हा जाम. सिलिकॉन ग्रीस लागतं. आणि कॅलिपर काढून नळीवर लोंबकळत सोडतात. तारेने वर बांधा रे बाबांनो.

तिलकनगरचे_आजोबा
गाडी कशावर टेकवली होती? विटांवर? वीट आधी सांगून फुटत नाही.

रामबागचा_भाडेकरू
आजोबा, जॅक स्टँडवर. शिवाय काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवलं होतं. मागच्या चाकाचं काम म्हणजे हॅन्डब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना लाकडाचे ठोकळे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. कॅलिपर तारेने बांधला होता, ग्रीस सिलिकॉनचंच होतं. आट्यांबद्दल घाटवाल्यांची शंका रास्त आहे. हॅन्डब्रेक दोन्ही चाकांना सारखा धरतो का ते चाकं वर करून हाताने फिरवून बघितलं, धरतो. गाडी हलवायच्या आधी पॅडल घट्ट होईपर्यंत मारला. मग बायपासच्या सर्व्हिस रोडवर रिकामं बघून नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पन्नासवरून दहावर, असं दहा-बारा वेळा हळू आणलं.

पानापक्कड
एवढं करणारा मेकॅनिक दाखवा इंदूरमध्ये.

भेरूघाट_नेहमीचा
आहेत. तुम्ही शोधत नाही, स्वस्त शोधता. आणि हा माणूस व्हर्निअर घेऊन बसतो म्हणून ठीक. हे वाचून उद्या कुणी सी-क्लॅम्प घेऊन बसेल आणि ज्याच्या गाडीत बटणाचा हॅन्डब्रेक आहे तो मोटर मोडून ठेवेल. तिथे आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घालावं लागतं, हे एकानेही लिहिलं नाही.

बापाचं_गॅरेज_होतं
मान्य. बटणवाल्यांनी लांबच राहावं.

रामबागचा_भाडेकरू
घाटवाले, तुमच्या मागच्या आतल्या पॅडला शेवटचं कधी बघितलंत? बाहेरच्या नाही, आतल्या.

भेरूघाट_नेहमीचा
काल संध्याकाळी चाक काढलं. बाहेरचा सात मि.मी., आतला तीन. शनिवारी गॅरेजात नेतोय, पिना काढेपर्यंत तिथून हलणार नाही. ऑइलही बदलून घेतो. तुमचं ऑइल कधी?

रामबागचा_भाडेकरू
शनिवारी तुमच्यासोबत येऊ का? ऑइल बदलताना नळ्यांतली हवा काढायला पॅडल मारणारा दुसरा माणूस लागतो, आणि बायकोने पॅडल मारायला साफ नकार दिलाय.