म्युझिक सिस्टिमची वायर ओळखताना
जुन्या गाडीत पिवळी वायर कायम चालू आणि लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू होणारी, असे धरून सिस्टिम जोडावी काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते धरू नये, कारण आमच्या सोलापुरात अनेक हातांतून गेलेल्या गाड्यांत जोडाला हाती लागेल त्या रंगाची वायर सापडते. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे यंत्र) डीसी २० व्होल्टवर ठेवून त्याची काळी प्रोब, म्हणजे मोजणीची सळई, बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल प्रोब एकेका वायरीला लावावी. चावी काढल्यावरही सुमारे १२.५ व्होल्ट दाखवते ती कायमची, आणि चावी अ‍ॅक्सेसरीवर (इंजिन सुरू न करता रेडिओ चालतो त्या स्थितीत) नेल्यावरच दाखवते ती चावीवरची. मात्र मीटर अत्यल्प करंट घेत असल्याने आतली एकच तार शाबूत असलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते (यात माझी एक दुपार गेली आहे), म्हणून ओळख पटलेल्या वायरीवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून व्होल्टेज टिकते का ते पुन्हा मोजावे. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना प्रोब लावूच नये.