मदत हवी आहे: कालव्याकाठचं जुनं गुऱ्हाळघर नक्की कधीचं?

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीशेजारी, बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्यालगत, एक पडीक दगडी इमारत आहे. चुन्यातलं बांधकाम, एका टोकाला धुरांडं, आत खोल चुलवाण. त्यावरून गुऱ्हाळच असणार असं मला वाटतं. गावातले काहीजण मात्र तो इंग्रजांचा गोठा होता म्हणून ठासून सांगतात. गोठ्याला एवढं धुरांडं कशाला लागेल, हे कुणी सांगत नाही!

कालवा १८८५ चा, म्हणजे इथला बारमाही ऊस त्यानंतरचा. छपरावर काही मंगलोरी कौलं शिल्लक आहेत आणि त्यांवर बासेल मिशनचा (स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा) छाप दिसतो. मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ ला सुरू झाला, त्यामुळे कौलांवरून फारसं काही ठरत नाही. शिवाय कौलं दुसरीकडून काढून आणलेलीही असू शकतात. कोपऱ्यात लोखंडी चरकाचा एक लाट (ऊस पिळायचा रूळ) पडलाय, पण गंजामुळे अक्षरं लागत नाहीत. किर्लोस्करांचा असेल का? तसं असेल तर तो १९१० नंतर किर्लोस्करवाडीत बनलेला असण्याची शक्यता जास्त.

जुने फेरफार आणि कडईपत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदी) तलाठ्याकडे मिळतील की तहसीलच्या अभिलेख कक्षात? अर्ज कसा लिहायचा? पाटबंधारे खात्याकडे कालव्याकाठच्या गुऱ्हाळांच्या नोंदी असतात का? आणि गंजलेल्या लोखंडावरची अक्षरं खराब न करता वाचायची कशी? जागामालक पुढच्या उन्हाळ्यात पाडायचं म्हणतायत, तेव्हा जरा लवकर सांगा.