मदत हवी आहे : चिमण्यांचे दाणे पारवे फस्त करतात

कोथरूडकर_नवा
सकाळी दाणे ठेवले रे ठेवले की पारव्यांची टोळी हजर. चिमण्या बिचाऱ्या केबलच्या वायरीवर बसून बघत राहतात. सीडी टांगल्या, चकचकीत फिती बांधल्या, प्लास्टिकचं घुबड आणलं. पारवा त्या घुबडाच्या डोक्यावर बसतो! काहीतरी लवकर सांगा, घरून नोटीस मिळाली आहे. आणि प्लीज, 'जाळी लावा' सांगू नका.

रानजाई
दाणे म्हणजे नक्की काय? कशात ठेवता? गच्ची, बाल्कनी की खिडकी? काहीच लिहिलेलं नाही.

वाशीकर
जाळी लावा. बाकी सगळं थोतांड. आम्ही लावली, विषय संपला.

कोथरूडकर_नवा
वाशीकर, शेवटची ओळ वाचा हो. जाळी लावली तर चिमण्या कुठून येणार? शिवाय घर भाड्याचं.
रानजाई, ताटली आहे, एसीच्या आउटडोअर युनिटवर. ज्वारी, तांदूळ, उरलेली पोळी. नेहमीचंच.

रानजाई
अहो, मग ही पारव्यांची पंगतच मांडलीत की! त्याला ऐसपैस पाय टेकून खायला आवडतं, लोंबकळून खाणं जमत नाही. आधी ताटली आणि पोळी बंद. बाजरीची कणसं दोऱ्याने मोकळी टांगा, कठडा आणि भिंतीपासून हातभर लांब. चिमणी कणसाला उलटी लटकून दाणे टिपते. पारवा झेप घेतो, कणीस गरकन फिरतं, तो फडफडून निघून जातो. गावी आमच्या ओसरीत सुगीनंतर अशीच कणसं टांगलेली असत. खाली सांडलेलं मात्र रोज झाडायचं, नाहीतर पारवे खालच्या मजल्यावर जेवतील आणि तिथल्या काकू वर येतील.

डॉक्टर_नाही_पण
मुळात खायला घालताच कशाला? पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना उगाच बंद केला का?

गिरगावची_चिऊ
उगाचच केला! मुक्या जिवांना दाणे घालण्यात कसलं पाप? गाड्यांचा धूर चालतो वाटतं फुप्फुसांना?

डॉक्टर_नाही_पण
धूर चालतो असं मी कुठे म्हटलं? एकदा दम्याच्या पेशंटशेजारी राहून बघा.

रानजाई
कबुतरखान्याचा वेगळा धागा काढा ना. त्यांना पारवे नकोच आहेत.

बाग_वेडी
दाणे हवेतच कशाला? जास्वंद लावा, शिंजीर येतो. कढीपत्ता वाढू द्या, त्याची काळी पिकलेली फळं बुलबुल आवडीने खातो. शिंपी पक्ष्याने तर माझ्या कुंडीतल्या झाडाची पानं शिवून घरटं केलंय. फोटो टाकू?

कोथरूडकर_नवा
फोटो टाका, पण मला चिमण्याच हव्या आहेत.

जुगाडू
कणसं दोन दिवसांत संपतात. त्यापेक्षा दीड इंची भोकांच्या तारेच्या जाळीचा पिंजरा करा, दाण्यांची वाटी आत मधोमध. चिमणी आत शिरते, पारवा बाहेर. वाटीपासून जाळी सगळीकडून वीतभर लांब हवी, नाहीतर पारवा मान आत घालून ताव मारतो.

रानजाई
आणि साळुंकी?

जुगाडू
डोकं घालून बघते, शिव्या देते, जाते.

सातारची_मावशी
आमच्याकडे उलटंच. पितृपक्षात पान ठेवून तास होतो तरी कावळा फिरकत नाही. कुणाला उपाय माहीत आहे का?

वाशीकर
दही-भात ठेवा मावशी. गॅरंटी.

कोथरूडकर_नवा
आधी कणसं करून बघतो, पिंजऱ्याला घरमालक काय म्हणेल देव जाणे. पुण्यात बाजरीची कणसं मिळतात कुठे? मंडईत मक्याशिवाय काही दिसलं नाही.

रानजाई
शिरूरकडचं कोणी ओळखीचं असेल तर काढणीच्या वेळी सांगून ठेवा. तोवर पिंजरा.

वाशीकर
जाळीवाल्याचा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.