टफन काच कोणी हात न लावता फुटली, काऊन?

बर्डी_ते_मानेवाडा

नमस्कार मंडळी. परवा नवतप्यातली दुपार, साडेतीन वाजले असन, घरात आई आन् मी दोघंच, कूलर सुरू, आणि बाल्कनीतून असा आवाज आला की मले वाटलं सिलेंडरच फुटलं. जाऊन पाहतो तर रेलिंगची १० एमएमची टफन (म्हणजे तापवून मजबूत केलेली) काच पूर्ण खाली, सगळीकडं खडीसाखरेसारखे तुकडे. ना कोणी बॉल मारला ना कबुतर धडकलं. लावून दोनच वर्षं झाली. ज्यानं लावली तो म्हणून राहिला, "उन्हानं गेली असन भाऊ, नागपूरचं ऊन आहे". आई म्हणते अपशकुन आहे, आता घरात काच नको. आन् शाळेत तर आम्हाले सांगितलं होतं की काच ही लिक्विडच असते, हळूहळू वाहते, म्हणून युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड झाल्या. मग लिक्विड असं बॉम्बसारखं कसं फुटन? आमचा दुसरा माळा आहे, खाली पोरं सायकल खेळतात. कोणाच्या डोक्यावर पडली असती तर, या विचारानं दोन रात्री झोप नाही. परत काच लावू की सरळ लोखंडी जाळी?

इतवारीचा_काचवाला

दादा, कोणाले लागलं नाही ना, मग बाकी सगळं निस्तरता येते. मी १८ वर्षांपासून हेच काम करून राहिलो. नुसत्या उन्हानं टफन फुटत नाही, हे मी पक्कं सांगतो. साधी काच तडकते, अर्धी उन्हात अर्धी सावलीत असली की चाळीसेक डिग्रीचा फरकही तिले पुरतो. टफन मात्र २०० डिग्रीपर्यंतचा फरक झेलते, आपल्या ४६-४७ नं तिचं काय बिघडणार. मी पहिले धार पाहतो. टफन काचेवर समोरून बुक्की मारा, काही होत नाही, पण धारेवर किंवा कोपऱ्यावर छोटासा टवका गेला असन, नाहीतर क्लॅम्पमध्ये रबर न टाकता स्टील डायरेक्ट काचेला टेकवून स्क्रू आवळला असन, तर ती काच कधी ना कधी जातेच. आज जाईल नाहीतर दोन वर्षांनी. एक विचारतो, वरच्या घरी वेल्डिंग नाहीतर ग्राइंडरचं काम झालं होतं का? त्या ठिणग्या काचेत रुततात, डोळ्याले दिसतही नाहीत.

मास्तर_निवृत्त

बाळा, आधी ते लिक्विडचं डोक्यातून काढ. मीही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत वर्गात तेच शिकवलं आणि त्याची मला अजून खंत आहे. काचेतल्या अणूंची मांडणी द्रवासारखी अस्ताव्यस्त असते एवढंच खरं, पण ती घट्ट गोठलेली आहे, वाहत नाही. जुन्या काळी तापलेला काचेचा गोळा गरगर फिरवून त्याची मोठी थाळी करायचे आणि तिच्यातून तावदानं कापायचे, त्यामुळे जाडी मुळातच कमी-जास्त असायची आणि जाड बाजू बहुतेक वेळा खाली बसवायचे. बस, एवढंच.

आता तुझी काच. टफन करताना काच ६०० डिग्रीच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने एकदम थंड करतात. वरचा थर आधी गोठतो, आतला नंतर गोठताना आकसू पाहतो पण वरचा त्याला आकसू देत नाही. म्हणजे पृष्ठभाग कायमचा दाबलेला आणि पोट कायमचं ताणलेलं. भेग पडायला ताण लागतो आणि पृष्ठभागावर उलट दाब, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत. पण भेग एकदा का त्या ताणलेल्या पोटात पोचली की साठलेली सगळी ताकद एका क्षणात सुटते. सेकंदाला साधारण दीड किलोमीटर या वेगाने भेग पळते, फाटे फुटत जातात आणि तुझी खडीसाखर होते.

वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला थेंब तयार होतो, १७ व्या शतकात युरोपात लोक तो पाहून थक्क व्हायचे. डोक्यावर हातोडा मारला तरी फुटत नाही आणि शेपटी चिमटीत मोडली की पूर्ण थेंबाचं पीठ! तुझी रेलिंग म्हणजे तोच थेंब, पसरट केलेला.

कधी कधी टवकाही नसतो. काच बनताना निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण आत अडकतो, टफनच्या वेळी तो आक्रसलेल्या रूपातच गोठतो आणि मग महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातो. उष्णतेने ते फुगणं लवकर होतं, म्हणून बसवणारा अगदीच खोटं बोलत नव्हता, ऊन निमित्त असू शकतं पण मूळ कारण नाही.

एक अजून सांगतो, मला ते फार आवडतं. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली दाखवलं की नुकताच ओढलेला बारीक काचेचा धागा जाड काचेपेक्षा कितीतरी पट मजबूत असतो, कारण त्याच्यावर ओरखडे नसतात. म्हणजे काच मुळात कमजोर नाहीच. ओरखडा तिला कमजोर करतो.

बर्डी_ते_मानेवाडा

मास्तर, खूप खूप धन्यवाद, आईले वाचून दाखवलं. आणि काचवाले दादा, तुम्ही म्हटलं तेच झालं असन. वरच्यांनी दिवाळीच्या आधी ग्रीलचं वेल्डिंग केलं होतं, दोन दिवस चाललं. शिवाय क्लॅम्प उघडून पाहिले, चारपैकी दोनात रबर नाहीच. आई मात्र अपशकुनावर अडून बसली आहे.

लोणारची_लेक

काकूंचं चुकत नाही हो, आपल्याकडं बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. माझी आजीही असंच घाबरायची. पण काकूंना एक सांगा, लोणारला उल्का आदळली तेव्हा त्या धक्क्यानं आपल्या काळ्या दगडातल्या खनिजाचीच काच झाली, न वितळता, तिला मास्केलिनाइट म्हणतात. आदळल्या ठिकाणी वितळलेल्या दगडाचे बारीक काचेचे थेंबही सापडले. म्हणजे माणूस काच बनवायला शिकला त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडात काच होती.

आणि ज्या काचेची भीती वाटते तिच्यावर भरवसा किती ठेवतात ते पण पाहा. तारापूरला अणुइंधनाचा सगळ्यात घातक कचरा बोरोसिलिकेट (बोरॉन मिसळलेल्या) काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात बंद करतात. किरणोत्सारी अणू काचेच्या जाळ्यातच विणले जातात, पाणी लागलं तरी सहजासहजी बाहेर येत नाहीत.

तुमच्या तुटलेल्या तुकड्याची धार पाहा, हिरवट दिसन. ते वाळूतलं लोखंड. १९६६ मध्ये चार्ल्स काओ या शास्त्रज्ञांनी म्हटलं की काचेतली अशी अशुद्धी काढली तर उजेड तिच्यातून कित्येक किलोमीटर जाईल, २००९ मध्ये त्यांना त्याचं नोबेल मिळालं. आजच्या फायबरमधून, म्हणजे इंटरनेटच्या केबलमधल्या काचेच्या धाग्यातून, १०० किलोमीटर गेल्यावरही शंभरातला एक भाग उजेड शिल्लक असतो. तुम्ही हे वाचून राहिले ते पण बहुतेक काचेतूनच आलं! मला तर अजूनही विश्वास बसत नाही की हे सगळं वाळू, सोडा आणि चुन्याच्या घराण्यातलंच आहे.

इतवारीचा_काचवाला

जाळी लावू नका, उजेड जाईल. लॅमिनेटेड लावा. दोन टफन काचा, मधी पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा, दोन्ही फुटल्या तरी तुकडे त्याला चिकटून राहतात, असे सुटे होऊन खाली पडत नाहीत. गाडीच्या समोरच्या काचेत पण हाच पापुद्रा असतो. ऑर्डर देताना "हीट सोक करून" म्हणा, भट्टीत २९० डिग्रीच्या आसपास काही तास ठेवतात, निकेलवाली काच असली तर बहुतेक तिथंच फुटून जाते, तुमच्या घरी नाही. होल आणि धारेचं पॉलिश टफनच्या आधी झालं पाहिजे, नंतर त्या काचेला ग्राइंडर लावूच शकत नाही. प्रत्येक क्लॅम्पमध्ये रबर, आणि वरच्यांना म्हणा पुढच्या वेळी वेल्डिंग करताना ओलं पोतं टाकायला सांगा. बसवताना काकूंना बाजूला उभं करा, मी स्वतः येतो, बुक्की मारून दाखवतो.