धर्म एक होता, मग पाकिस्तान एक का राहिला नाही?

दक्षिणवारा (धागाकर्ती)

माझ्या मामांकडे जुन्या नोटांचा संग्रह आहे. परवा त्यांनी त्यातली एक दहाची नोट माझ्या हातात ठेवली. सहाव्या जॉर्ज बादशहाची, नाशिकच्या छापखान्यातली. पण दर्शनी बाजूला इंग्रजीत ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असं छापलेलं. नव्या देशाच्या स्वतःच्या नोटा निघेपर्यंत, १९४८मध्ये काही महिने, त्यांच्या नोटा आपल्या नाशिकहून छापून जात होत्या. नोट उलटली तर मागे रक्कम अनेक लिपींत लिहिलेली, त्यात बंगालीही. म्हणजे इंग्रजांनी बंगालीला जागा दिली होती, आणि पाकिस्तानने आपले म्हणून जे शब्द त्या नोटेवर घातले त्यांत बंगाली नव्हती. त्या वेळी पाकिस्तानातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलत होते.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. वाचत गेले आणि लक्षात आलं की नोट हा काही एकटा प्रकार नव्हता. टपालाची तिकिटं, मनीऑर्डरचे फॉर्म, सगळीकडे इंग्रजी आणि उर्दू. ढाक्यातल्या विद्यार्थ्यांचा पहिला संताप या फॉर्मांवरूनच उसळला. फेब्रुवारी १९४८मध्ये कराचीच्या संविधान सभेत कुमिल्ल्याचे धीरेंद्रनाथ दत्त यांनी साधी दुरुस्ती मांडली: सभेच्या कामकाजात उर्दू आणि इंग्रजीबरोबर बंगालीही चालावी. पंतप्रधान लियाकत अली खान यांचं उत्तर असं होतं की पाकिस्तान हे मुस्लिम राज्य आहे, म्हणून त्याची भाषा मुस्लिम राष्ट्राचीच, म्हणजे उर्दूच हवी. पुढच्याच महिन्यात, २१ मार्चला, जीनांनी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर हेच सुनावलं. २१ फेब्रुवारी १९५२ला त्याच शहरात पोलिसांच्या गोळ्यांनी बंगाली तरुण पडले.

माझं म्हणणं असं. धर्माच्या नावाने राज्य मागता येतं, मिळवताही येतं. पण एकदा धर्म हीच राज्याची ओळख ठरली की त्या धर्मात कोण बसतं आणि कोण बसत नाही हे सरकारला ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं कधी संपत नाही. ११ ऑगस्ट १९४७ला जीना संविधान सभेत म्हणाले की तुम्ही देवळात जा, मशिदीत जा, राज्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. १२ मार्च १९४९ला त्याच सभेने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला: सार्वभौमत्व अल्लाचं, आणि मुसलमानांना इस्लामच्या शिकवणीप्रमाणे जगता येईल अशी व्यवस्था राज्य करील. सभेतल्या हिंदू सदस्यांनी विरोध केला, त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

मला सगळ्यात जास्त चटका लावून जातात ते जफरुल्ला खान. पंजाबच्या सीमा आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू याच माणसाने मांडली. देशाचे पहिले परराष्ट्रमंत्री. उद्दिष्टांच्या ठरावाच्या बाजूने सभेत बोलणाऱ्यांतही तेच होते. ते अहमदिया होते, म्हणजे बरेच मुसलमान ज्याला इस्लामबाहेरचा मानतात त्या पंथाचे. १९५३मध्ये अहमदियांविरुद्ध पंजाबात दंगली पेटल्या, जफरुल्लांना मंत्रिमंडळातून काढा ही त्यातली एक मुख्य मागणी होती, आणि लाहोरात लष्करी कायदा लावावा लागला. चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी मोठमोठ्या उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, बोलावून विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? अहवालात त्यांनी नोंदवलं की कोणत्याही दोघांचं उत्तर जुळत नव्हतं. १९७४मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलं. ज्याने पाकिस्तानसाठी वकिली केली, त्याचा अख्खा समाज त्या देशाच्या व्याख्येबाहेर गेला.

बोला. विरोधी मतं जास्त हवी आहेत.

भूर्जपत्र

धाग्याचा विषय चांगला, मांडणी एकांगी. असहमत.

तुम्ही गृहीत धरलंय की पाकिस्तान हे आधीपासून धार्मिक विचारसरणीवर बांधलेलं राज्य होतं. तसं असतं तर सगळ्यात धार्मिक माणसं त्याच्या बाजूने उभी राहायला हवी होती. झालं उलटं. देवबंदच्या इस्लामी विद्यापीठाचे मौलाना हुसेन अहमद मदनी १९३८मध्ये म्हणत होते की राष्ट्र वतनाने बनतं, आणि त्यासाठी कवी इक्बाल यांचे बोल त्यांनी खाल्ले. जमियत-उलेमा-ए-हिंद ही उलेमांची संघटना फाळणीच्या विरोधात होती. जमात-ए-इस्लामी स्थापन करणाऱ्या मौदुदींना लीगचा राष्ट्रवाद इस्लामला धरून वाटत नव्हता. आणि पुढारी कोण, तर जीना, मुंबईच्या हायकोर्टातला बॅरिस्टर, १९१६मध्ये टिळकांचा खटला लढवणारा आणि त्याच वर्षी काँग्रेस आणि लीगमधला लखनौ करार घडवणारा माणूस.

मागणी होती सत्तेतल्या वाट्याची. १९४० सालच्या लाहोर ठरावात ‘पाकिस्तान’ हा शब्दच नाही. आणि जून १९४६मध्ये लीगने कॅबिनेट मिशनची, म्हणजे ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाची, अखंड भारताची योजना स्वीकारली होती, हे विसरू नका. संरक्षण, परराष्ट्र, दळणवळण दिल्लीकडे आणि बाकी सगळं प्रांतांच्या गटांकडे. ज्याला धर्मराज्यच हवं असतं तो एक केंद्र कशाला मान्य करील? जीनांनी धर्म घेतला तो वकील युक्तिवाद घेतो तसा. पुढे जे झालं ते कमजोर सरकारांनी आपली खुर्ची टिकवायला केलं. त्याचं खापर स्थापनेवर फोडणं मला पटत नाही.

सरळवाट

भूर्जपत्र, वकिलाने कोर्टात कुठलाही युक्तिवाद करावा, पण इथे ऐकणारे कोट्यवधी होते आणि त्यांनी तो खरा मानला. ‘पाकिस्तान का मतलब क्या, ला इलाहा इल्लल्लाह’ ही घोषणा काय कॅबिनेट मिशनसाठी दिली जात होती? सरहद्द प्रांतात लीग पाय रोवू शकत नव्हती, तेव्हा मानकी शरीफच्या पीरांचा पाठिंबा घेतला, आणि त्यासाठी १९४५मध्ये खुद्द जीनांनी त्यांना पत्र लिहून शरियतबद्दल भरवसा दिला. मौलाना शब्बीर अहमद उस्मानी देवबंदच्या मुख्य प्रवाहातून फुटून लीगकडे आले. फाळणीनंतर कराचीत झेंडा चढवायचा मान त्यांना मिळाला आणि उद्दिष्टांच्या ठरावामागेही तेच होते. तुमचे मौदुदी फाळणी होताच लाहोरला गेले आणि इस्लामी घटना मागू लागले. त्यांचं म्हणणं तर्काला धरूनच होतं: इस्लामच्या नावाने घर बांधलंत ना, मग आता इस्लाम आणा.

११ ऑगस्टचं भाषण सगळे सांगतात. २५ जानेवारी १९४८चं कराचीच्या वकिलांपुढचं भाषण कोणी सांगत नाही. घटना शरियतला धरून नसेल असं म्हणणारे मुद्दाम खोडसाळपणा करताहेत, असं जीना तिथे म्हणाले.

भूर्जपत्र

आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठीच्या भाषणात म्हणाले की पाकिस्तान हे पुरोहितांचं राज्य होणार नाही. ते प्रत्येकाला हवं ते बोलत होते, हे मी नाकारत नाही. पण मग त्यांतलं एकच वाक्य उचलून ‘हीच विचारसरणी’ असं म्हणता येत नाही, एवढंच.

पद्माकाठ

धागाकर्तीच्या शीर्षकालाच माझा आक्षेप आहे. ‘१९७१मध्ये द्विराष्ट्रवाद (हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं, हा विचार) बुडाला’ हे वाक्य आपल्याकडे शाळेपासून कानावर पडतं आणि कोणी तपासत नाही. बांगलादेश पाकिस्तानातून फुटला, पण पश्चिम बंगालला येऊन मिळाला का? भाषा एक, गाणी एक, जेवण जवळजवळ एक. तरी सीमा १९४७मध्ये होती तिथेच राहिली. १९४७च्या वसंतात बंगालचे लीगचे पंतप्रधान सुऱ्हावर्दी आणि बंगाली पुढारी शरतचंद्र बोस यांनी अखंड, स्वतंत्र बंगालची योजना मांडली होती. ती काँग्रेसच्या श्रेष्ठींनी आणि हिंदू महासभेने हाणून पाडली. भाषा सगळ्यात मोठी असती तर ती तेव्हाच जिंकली असती.

पूर्व बंगालचा मुसलमान शेतकरी लीगच्या मागे गेला त्याला पोटाचं कारण होतं. जमीनदार आणि सावकार बहुतेक हिंदू, कूळ बहुतेक मुसलमान. धर्म आणि जमीन तिथे एकमेकांत अशी विणलेली होती की सोडवून दाखवता येत नाही. लाहोरचा ठराव मांडला तोच बंगालच्या फजलुल हक यांनी, कुळांच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या माणसाने. त्यात ‘स्वतंत्र राज्यं’ असं अनेकवचन होतं. १९४६मध्ये दिल्लीत लीगच्या आमदारांच्या मेळाव्यात त्याचं एकवचन केलं गेलं. बंगाली मुसलमानाची तक्रार तिथून सुरू होते. त्याने इस्लाम सोडला नाही, करार कोणी मोडला हे तो विचारत होता. १९५४च्या निवडणुकीत याच हकांच्या आघाडीने लीगचा पूर्व बंगालात धुव्वा उडवला, आणि कराचीतल्या केंद्र सरकारने त्यांचं सरकार दोन महिन्यांच्या आत बरखास्त केलं. १९७०मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग या पक्षाला संसदेत ३१३पैकी १६७ जागा, म्हणजे सरळ बहुमत. सत्ता दिली नाही, सैन्य पाठवलं. सत्ता दिली असती तर दोन्ही भाग आजही एक असते, असं मला वाटतं. दोष धर्माचा नाही, हुकूमशाहीचा आहे.

अजिंठा७२

पद्माकाठ यांचा मुद्दा पटला, पण अर्धाच. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या मागणीवरचं पुस्तक १९४०च्या अखेरीस लिहिलं, लाहोर ठराव झाल्यावर काही महिन्यांत. त्यांनी मुसलमानांची ‘आम्ही वेगळे’ ही भावना खरी मानली, तिची थट्टा केली नाही. पण पुढच्या आवृत्तीत विचारलं की कॅनडात, दक्षिण आफ्रिकेत, स्वित्झर्लंडमध्ये वेगवेगळी माणसं एका घटनेखाली राहतात, मग वेगळं राष्ट्र असलं म्हणजे वेगळं राज्य हवंच, हे कुठून आलं? माझ्या मते या चर्चेची गाठ तिथे आहे.

त्याच पुस्तकात त्यांनी दाखवून दिलंय की हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं आहेत यावर सावरकर आणि जीना यांचं एकमत होतं. १९३७च्या अहमदाबादच्या भाषणात सावरकर तसं बोलले होते. फरक एवढाच की एकाला दोन्ही राष्ट्रं एका राज्यात हवी होती, हिंदूंचं वर्चस्व ठेवून, आणि दुसऱ्याला दोन राज्यं. मराठीत पाकिस्तानवर लिहिताना हे टाळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सरळवाट

सावरकरांना मध्ये आणलंच. विषय पाकिस्तानच्या स्थापनेचा आहे. सावरकरांनी फाळणी मागितली नाही, तिला विरोधच केला.

अजिंठा७२

विरोध केला, बरोबर आहे. त्यांनी फाळणी मागितली असं मी म्हटलेलं नाही. प्रतिसाद पुन्हा वाचा.

बाणकोटखाडी

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो, कारण आमच्या घरात या विषयाला चेहरा आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. आम्ही कोकणी मुसलमान. आजोबांचे धाकटे भाऊ १९४८च्या आसपास कराचीला गेले. ते बंदरावर काम करायचे, मुंबई आणि कराची या दोन्ही गोद्या त्यांना सारख्याच होत्या. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीला जाणं म्हणजे परदेशी जाणं असं आमच्या लोकांना वाटतच नव्हतं. घरातल्या कोणाच्याही तोंडून मी इक्बाल किंवा दारुल-इस्लाम (इस्लामचं राज्य असलेला मुलूख) हे शब्द ऐकलेले नाहीत. मुंबईत दंगलींनी ते घाबरले होते, आणि तिकडे कोणीतरी कामाचं बोललं होतं. तेवढंच. आजोबा गेले नाहीत. आंब्याची कलमं आणि आई, दोन्ही इथे होती.

त्यांची पत्रं आमच्याकडे आहेत. सुरुवातीची सगळी मराठीत, बाळबोध अक्षर, वर ‘श्री’च्या जागी ७८६. मजकूर पावसाचा, भाताचा, अमक्याच्या लग्नाचा. एका पत्रात लिहिलंय की इथे मासळी चांगली मिळते पण कोकम कुठे मिळत नाही, बोटीवरच्या कोणाबरोबर तरी पाठवा. १९६५च्या लढाईनंतर पत्रं बंद झाली. पुढे खूप वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, ते उर्दूत. आजी ते घेऊन मशिदीतल्या मौलवींकडे वाचून घ्यायला गेली. बाप गेल्याची खबर होती. आजी म्हणाली, “त्यानं लिवलं असतं तर मला कळलं असतं.” आजीला वाचता येत नव्हतं, पण मराठी पत्र घरातलं कोणीही वाचून दाखवायचं.

भूर्जपत्र म्हणतात सत्तेचा वाटा, सरळवाट म्हणतात घोषणा. दोन्ही खरं असेल. पण माझे चुलत आजोबा ना वाटा घ्यायला गेले होते ना घोषणा ऐकून. आणि ज्या देशाने ‘मुसलमान म्हणून ये’ असं सांगितलं, तिथे त्यांच्या मुलांना मुहाजिर, म्हणजे बाहेरून आलेले निर्वासित, म्हणूनच ओळखलं गेलं. धर्म सारखा होता, तरी पाहुणेपण गेलं नाही. इकडे आम्हाला वर्षानुवर्षं विचारलं जातं की क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूने. ही दोन्ही ओझी एकाच ठरावातून आली, असं मला वाटतं.

भूर्जपत्र

बाणकोटखाडी, तुमच्या प्रतिसादानंतर माझा सूर थोडा कोरडा वाटला मला. लिहिलंत हे बरं केलंत.

दक्षिणवारा

सगळ्यांचे आभार. बाणकोटखाडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पद्माकाठ, शीर्षकाबद्दलचा आक्षेप मान्य. १९७१ने बंगाली मुसलमानाचं मुसलमान असणं पुसलं नाही. १९८८मध्ये बांगलादेशानेही इस्लामला राज्यधर्म केला. हे मी पहिल्या मांडणीत टाळलं, ते चूक होतं. पण ‘दोष हुकूमशाहीचा, धर्माचा नाही’ हे मला मान्य नाही. १९४८मध्ये पाकिस्तानात लष्करशहा नव्हता. निवडून आलेल्या लोकांची संविधान सभा होती, आणि तिथेच पंतप्रधान बंगालीच्या विरोधात मुस्लिम राज्याचा दाखला देत होते. हुकूमशहाच्या हातात पुढे जे हत्यार आलं ते या सभेत घडवलेलं होतं. आणि ढाक्यात ज्यांना बिहारी म्हणतात त्यांचं काय? हे उर्दू बोलणारे मुसलमान केवळ मुसलमान म्हणून पूर्व पाकिस्तानात आले. १९७१नंतर बांगलादेशाला ते पाकिस्तानचे वाटले आणि पाकिस्तानने त्यांतल्या बहुतेकांना घेतलं नाही. मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पात खोलीला खोली चिकटून तीन पिढ्या गेल्या. बांगलादेशाच्या हायकोर्टाने त्यांना नागरिक मानलं ते २००८मध्ये.

धीरेंद्रनाथ दत्तांबद्दल कोणी काही लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते. फाळणीनंतर ते कलकत्त्याला गेले नाहीत, कुमिल्ल्यातच राहिले, पाकिस्तानचे नागरिक म्हणून. मार्च १९७१च्या शेवटी पाकिस्तानी सैन्याने त्यांना राहत्या घरातून मुलासकट उचलून नेलं. वय ऐंशीच्या पुढे होतं. ते दोघे परत आले नाहीत.

पद्माकाठ

दत्तांचा हा शेवट मला ठाऊक नव्हता. १९४८च्या सभेबद्दल तुमचं बरोबर आहे, लियाकत अलींच्या त्या उत्तराला मी बगल दिली होती. बाकीचा वाद चालू ठेवू.

बाणकोटखाडी

कोकम पाठवलं होतं का, असं एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलंय. हो. पुढच्या पत्रात पोच आहे, ‘कोकम पोचले, सर्वांनी वाटून घेतले’.