'हॉट स्पॉट'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकर्ती, कोथरूड
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी एक माहितीफलक मराठीत करतेय. विषय आहे चांदी-सोन्याच्या नॅनोकणांवर रामन वर्णपट घेणं, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशातून रेणूच्या कंपनांची खूण ओळखणं. दोन कणांमध्ये नॅनोमीटरभर फट असते. लेझर पडला की तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं, आणि फटीतल्या रेणूच्या कंपनांचा सिग्नल सगळ्यात जोरात येतो. या फटीला 'हॉट स्पॉट' म्हणतात. हाती आलेल्या मसुद्यात 'तप्तबिंदू' आहे (शीर्षकात 'पृष्ठभाग' आणि मजकुरात 'खडबडीत' चांदी हेही आहे). पण हे नाव काही तापतं म्हणून पडलेलं नाही. दुसरा शब्द सुचवा.

निवृत्त मास्तर
'क्षेत्रवर्धनबिंदू'. संस्कृत धातूंवरून घडवलेला शब्द एकदा रुळला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. 'दूरदर्शन'लाही लोक आधी नाकं मुरडत होते. आणि शीर्षकात 'पृष्ठभाग' नको, 'पृष्ठ' पुरे. आठवीच्या वर्गात 'पृष्ठभाग' म्हटलं की धडा तिथेच थांबतो, हा माझा अनुभव आहे.

पाषाण-लॅब
सर, 'वर्धन' पटलं, 'बिंदू' नाही पटला. साध्या रामन प्रकीर्णनात, म्हणजे प्रकाश विखुरताना, साधारण कोटीतला एखादाच फोटॉन (प्रकाशकण) रेणूच्या कंपनाची खूण घेऊन परततो, म्हणून सिग्नल इतका दुबळा. फटीत क्षेत्र दहापट झालं तर सिग्नल साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दहा हजार पट. हे सगळं फटीमुळे घडतं, तर शब्दातही फट दिसू दे.
सोन्याचं द्रावण उकळत ठेवून सायट्रेट घातलं की ते आधी काळपट आणि मग गडद लाल होतं. त्यात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, बघता बघता निळसर जांभळं होतं. कण एकमेकांना चिकटले, फटी तयार झाल्या. आम्ही लॅबमध्ये सरळ 'गॅप' म्हणतो.

शनिवारातली
मग 'सांद' का नाही? आमच्या वाड्यात दोन भिंतींमधल्या अरुंद जागेला सांदच म्हणत. 'संधी'वरून आलेला शब्द, म्हणजे मास्तरांचं संस्कृतही राहिलं. 'सांदीकोपरा' सगळ्यांनाच कळतो.

निवृत्त मास्तर
ताई, सांदीत वस्तू हरवते. इथे तर रेणू सापडतोय. शिवाय परिभाषेत घरगुती शब्द आला की प्रत्येक जण आपापल्या घरचा अर्थ लावतो.

पाषाण-लॅब
माझं मत सांदीला. रेणू तिथे अडकतो म्हणूनच सापडतो.

कसब्यातला तांबट
'खडबडीत' हा शब्दही बदला. १९७४ साली साउदॅम्पटनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडिन या संयुगाचा रामन सिग्नल पाहिला, हे मी वाचलंय. 'खडबडीत' म्हणजे रस्ता. धातूला आमच्या आळीत शब्द आहे, 'मठारलेली' चांदी. हातोडीने ठोके दिले की भांड्यावर एकसारखे खळगे उठतात आणि प्रत्येक खळगा चमकतो.

भाषांतरकर्ती, कोथरूड
शब्द सुरेख आहे, पण माझा प्रश्न फटीचा होता.

नाशिककर
मठारणं म्हणजे ठोकून सपाट करणं! आमच्याकडे पोचा आलेला हंडा मठारून आणतात. तुम्ही नेमका उलटा अर्थ सांगताय.

पाषाण-लॅब
शिवाय तो इलेक्ट्रोड ठोकलेला नव्हता. विद्युतप्रवाहाने चांदी विरघळवायची आणि पुन्हा बसवायची, असं करत खडबडीत केला होता. मुळात त्या तिघांना वाटलं होतं की पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू चिकटले, म्हणून सिग्नल वाढला. १९७७ मध्ये जीनमेअर-व्हॅन डाइन आणि अल्ब्रेख्ट-क्रेटन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की वाढ लाखपटीच्या घरात आहे. नुसत्या जास्तीच्या जागेने एवढी वाढ होत नाही. 'खडबडीत' काय किंवा 'मठारलेली' काय, दोन्ही शब्द वाचकाला त्याच जुन्या समजुतीकडे नेतात.

कसब्यातला तांबट
नाशिककर, पोचा काढणं वेगळं आणि मठार वेगळा. पोचा आतून काढतात. मठार बाहेरून, भांडं तयार झाल्यावर, पत्रा कडक व्हावा म्हणून देतात. आमच्या तीन पिढ्या हेच करत आल्या.

नाशिककर
अहो, आमच्याकडचे कासार दोन्हीला मठारणंच म्हणतात. धंदा तोच आहे, मग अर्थ पुण्याचाच कसा खरा?