आई-बाबांच्या आठवणीत केलेला एखादा अचाट उपद्व्याप: अनुभव सांगा

अबोली
काल संध्याकाळी पोळ्या लाटत होते, बेल वाजली. खालच्या मजल्यावरची मुलगी, कॉलेजात आहे, हातात वही. "काकू, आईला जाऊन वर्ष होतंय, तिच्यासाठी २१ किलोमीटर पळणार आहे. किलोमीटरमागे किती देणगी लिहू?" पिठाच्या हातानेच लिहून दिलं, दार लावलं, तोवर तव्यावरची पोळी करपली होती. रात्री झोप नाही.

माझे बाबा ३१ वर्षं दर रविवारी सिंहगड चढले. पहाटेच्या बसने पायथ्याला, आतकरवाडीतून वर, खांद्याला शबनम, त्यात एक काकडी आणि मिठाची पुडी. मग किडन्या गेल्या. शेवटचे दहा महिने आठवड्याला तीन डायलिसिस, दर वेळी चार तास. बाबा आत मशीनला, मी बाहेर लोखंडी बाकावर. त्या बाकाची एक पट्टी निघालेली होती, ती नेमकी माझ्या वाट्याला यायची.

२०१६ मध्ये वर्षश्राद्ध जवळ आलं तसं डोक्यात बसलं की एका दिवसात गड पाच वेळा चढायचा, चढाईमागे लोकांकडून पैसे घ्यायचे आणि ज्यांना डायलिसिस परवडत नाही त्यांना द्यायचे. आत्या म्हणाली, "श्राद्ध सोडून माकडासारखं वर-खाली काय करतेस?" खरं सांगू का, समाजसेवा वगैरे नंतरची. दहा महिने बसून काढले होते. मला चालायचं होतं.

पहाटे साडेतीनला डोक्याला टॉर्च बांधून सुरुवात. पहिल्या दोन चढाया हा हा म्हणता झाल्या. तिसरीला ऊन तापलं आणि ज्या काकांनी "चढाईमागे हजार" असं गावभर सांगितलं होतं त्यांचा फोन आला, "अगं तीन पुष्कळ झाल्या, तब्येतीला जप." चौथीनंतर त्यांचा फोन लागेना. वाटेवरच्या ताकवाल्या मावशींनी पाचही वेळा ताक दिलं, पाचही वेळा पैसे घेतले. पाचव्यांदा ग्लास हातात देत म्हणाल्या, "तुझं काही हरवलंय का वर?" मला उत्तर सुचेना. मीठ जरा जास्त घाला म्हटलं.

पुणे दरवाज्यात पाचव्यांदा पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा. उतरताना मांड्या अशा लटपटत होत्या की शेवटचा टप्पा बुडावर घसरत उतरले. ८६ हजार जमले. काकांचे पाच हजार अजून येणं आहेत.

तुम्ही कुणी केलंय असं काही? फसलं असेल तरी लिहा.

रानमेवा
पुण्याच्या मॅरेथॉनला माझ्या बिबवर (छातीवर लावतात तो नंबराचा कागद) मी स्वतःच्या नावाऐवजी आईचं नाव छापून घेतलं होतं. सुमन. मी साडेसहा फुटाला दोन इंच कमी, वर दाढी. कर्वे रस्त्यावर शाळेची मुलं टाळ्या पिटत होती, "कमॉन सुमन! भागो सुमन!" पहिले पाच-सहा किलोमीटर लाज वाटली. ३४व्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले, डिव्हायडरवर बसलो. एक हवालदार आला, छातीवरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. "सुमनताई, उठा. बाराच्या आत रस्ता मोकळा करायचाय."

त्या हसण्यावर पुढचे आठ किलोमीटर निघाले. १९८३ला पुण्याची पहिली मॅरेथॉन झाली तेव्हा आई रस्त्याच्या कडेला उभी राहून पळणाऱ्यांना पाणी देत होती, हे तिने मला निदान दोनशे वेळा ऐकवलंय. कॅन्सरच्या मुलांसाठी जमवले होते पैसे. किती ते राहू दे, फार नव्हते.

चहाबाज
सुमनताई 😂😂 ऑफिसात मोठ्यांदा हसलो, साहेब बघतायत

तिरकस
एक विचारू? राग नसावा. दान द्यायचं तर द्यावं की माणसाने. त्यासाठी कुणी धापा टाकत पळायला कशाला हवं? माझी आजी आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जायची, किलोमीटरमागे कुणाकडून पैसे घेत नव्हती.

अबोली
@तिरकस राग कसला. पण आजी निघायची तेव्हा शेजारणी पांडुरंगाला वाहायला काहीतरी हातावर ठेवत असतीलच की! सव्वा रुपया, नारळ, तुळशीची माळ. चालणाऱ्याच्या पायांवर आपलंही काहीतरी पाठवायचं, तेच की हे.

तिरकस
ठेवायच्या खऱ्या. दिवेघाट चढून सासवडला पोचली की आधी पदराची गाठ चाचपायची म्हणे. बरं, माघार. अर्धी.

सायकलस्वार
वडील एसटीत ड्रायव्हर. स्वारगेट-महाबळेश्वर, कितीतरी वर्षं. म्हणून २०० किलोमीटरची बीआरएम (लांब पल्ल्याची, वेळेच्या मर्यादेतली सायकलस्वारी) त्याच रस्त्याने केली, पुणे ते पाचगणी आणि परत. यात नंबर-बिंबर नसतो, साडेतेरा तासांत पूर्ण करायची एवढंच. २० किलोमीटरमागे ठरावीक रक्कम असं मित्रांकडून लिहून घेतलेलं, गावच्या शाळेला पुस्तकांसाठी.

जाताना खंबाटकी घाट, मग वाईच्या पुढे पसरणी. पसरणीच्या एका वळणावर एसटी मागून आली आणि हॉर्न न देता थांबून राहिली. मी कडेला होईपर्यंत. मागे वळून पाहिलं तर ड्रायव्हर अगदी पोरसवदा. वडील म्हणायचे घाटात चढणाऱ्याला हॉर्न मारू नये, त्याचा दम तुटतो. हे अजून शिकवतात की काय कोण जाणे.

परत येताना शिरवळच्या पुढे पंक्चर, मग दुसरं. तेरा तास चव्वेचाळीस मिनिटं. म्हणजे अधिकृतरीत्या नापास. वडिलांची गाडी कधी लेट झाली नव्हती असं आई अजून सांगते (खोटं आहे). पैसे सगळ्यांनी पूर्ण दिले, एकाने मात्र १४ मिनिटांचे कापून दिले. तो कोब्रा आहे, नाव सांगत नाही.

चहाबाज
कोब्रांवर विनोद झाला, धागा आता खरा पुण्याचा झाला

धापाटेश्वर
अबोली, उतरताना पायी की जीपने? पायथ्यापासून साधारण ६०० मीटर चढ धरला तर पाच वेळा म्हणजे ३००० झाला. अशा १५ चढाया केल्या की एव्हरेस्टची उंची, ८८४८. खरंच करतात लोक, एकच डोंगर पुन्हा पुन्हा. चढण्याने काही होत नाही हो, गुडघे उतरण्याने जातात. पायाच्या अंगठ्याचं नख माझं दोनदा काळं होऊन पडलंय. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा आणि नखं आदल्या दिवशी नाही, तीन दिवस आधी कापावीत. व्हॅसलीन कुठे कुठे लावावं ते इथे लिहीत नाही, बायका आहेत.

अबोली
पायीच. जीप गाडीरस्त्याने खाली नेते, तिथून आतकरवाडीला परत येणं हा आणखी वेगळा ताप. आणि व्हॅसलीन बायकांनाही लागतं हो.

सीए_काका
कामाचं बोलतो. पैसे कधीही स्वतःच्या खात्यात गोळा करू नका, जीपेवर तर नाहीच. देणाऱ्याला थेट संस्थेला द्यायला सांगा, पावती त्याच्या नावाने आणि पॅनसकट. देणगीवरची करसवलत (८०जी) जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्यात नाही. २००० च्या वर रोख दिलेत तर जुन्यातही नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म १०बीई) मागून घ्या.

आता माझं. वडिलांच्या पंचाहत्तरीच्या साली (ते नव्हते तेव्हा) रोज पर्वती, ७५ दिवस, दिवसाला ७५ रुपये. मित्र लागले, रक्कम बरी झाली. जिला दिली त्या संस्थेने पावत्याच पाठवल्या नाहीत. मी जन्मभर लोकांना पावत्या सांभाळायला सांगितल्या आणि माझ्याच मित्रांना तोंड दाखवायची चोरी झाली. दोन वर्षं हेलपाटे घातले. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत म्हणतात, त्या ऑफिसला त्याहून जास्त चढलो असेन.

रानमेवा
काका 🙏 हा प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून ठेवतोय

पायताण
मी कात्रज ते सिंहगड रात्रीचा करणार होतो, पौर्णिमेला, बाबांसाठी. घोषणा मोठी केली होती, स्टेटसला फोटो वगैरे. चौथ्या की पाचव्या टेकडीवर घसारा लागला, पाय मुरगळला. मित्र म्हणाले थांब, सकाळी नेऊ. त्या उतारावर रात्रभर बसून राहिलो, खाली पुण्याचे दिवे. बाबांशी शेवटची तीन वर्षं बोलत नव्हतो. तेवढंच.
पैसे सगळ्यांचे परत केले आणि माझे घातले.

रानमेवा
@पायताण 🤗

अबोली
@पायताण लिहिलंत ते बरं केलंत. पाय आता ठीक?

पायताण
पाय ठीक

धापाटेश्वर
विषय निघालाच आहे म्हणून, गडावर मडक्यातलं दही पूर्वीसारखं कुठे मिळतं हल्ली? मागच्या महिन्यात घेतलं ते सपक.

चहाबाज
देवटाक्याच्या अलीकडे विचारा. आणि पिठल्याबरोबर कांदा फोडून घ्या, चिरून नको

तिरकस
दह्यावर धागा वेगळा काढावा. तिथे मी पूर्ण भांडेन.

निशिगंध
मी इथे फक्त वाचत असते. आत्ताही बाहेर बसून वाचतेय, आई आत आहे. मंगळ-गुरू-शनि, दुपारी बारा ते चार. तिसरं वर्ष. आमच्या बाजूच्या बेडवरच्या दादांचं डायलिसिस अशाच कुणाच्या तरी पळण्याच्या पैशांतून होतं, त्यांना माहीत नाही कोण पळालं ते. बाकाच्या पट्टीचं वाचलं आणि हसू आलं. आमच्याकडे खुर्च्या आहेत, प्लास्टिकच्या, एकमेकींना जोडलेल्या. एक हलला की सगळे हलतात.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस नारळपाणी घेऊन येतो.

अबोली
नारळपाणी!! बाबांचंही तेच. पोटॅशियम म्हणून चालत नाही हे किती जणांना सांगितलं असेल. मग ते शहाळे सगळे मीच प्यायचे, दहा महिने.

मंगळवारी मला दुपारी सुट्टी असते. येऊ का बसायला? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा कुठे ते. डबा आणते.

निशिगंध
या ना. व्यनि केलाय. आईला डबा नको, तिचं मोजूनमापून असतं, टोमॅटो नाही, बटाटाही पाण्यात ठेवून मग.

अबोली
तिला कोण म्हणतंय. तुम्ही काय खाता?

निशिगंध
काहीही. भरली वांगी चालतील.